हिरवी टिक

नवतपा, म्हणजे रोहिणीतले ते सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागला की माझं डोकं फिरायला लागतं. घरचे समजतात, उन्हानं. आई माझ्या पर्समध्ये कांदा टाकते, पन्ह्याची बाटली हातात कोंबते आणि तोंडाला ओढणी नीट गुंडाळ म्हणून ओरडत पायऱ्यांपर्यंत येते. ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या गल्लीत सकाळी नऊलाच कुत्री नालीत उतरून बसलेली असतात. रायपूरची रोहिणी सोसायची तर कांदा, पन्हं, ओढणी हे सगळं लागतंच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. सूर्य त्याचं काम करतो. माझा राग दुसऱ्याच गोष्टीवर आहे, आणि तो नेमका याच नऊ दिवसांत उफाळतो, कारण याच नऊ दिवसांत पोरापोरींच्या प्रवेशाचे फॉर्म निघतात.

कोणाच्या डोक्यातून निघालं असेल हे? डांबर चपलेला चिकटतं, भर दुपारी लाइट जाते, कूलरमध्ये टाकायला नळाला पाणी नसतं, आणि म्हणे ऑनलाइन अर्ज करा, पाच दिवस आहेत. ठरवणारा बहुतेक एसीत बसून ठरवत असणार. मीही एसीतच बसते म्हणून मला माहीत आहे. आमचं ऑफिस नव्या रायपुरात, रुंद रिकाम्या रस्त्याच्या कडेला. बस आली तर आली. एकदा आत शिरलं की काचेपलीकडचं ऊन दिसतं, पण लागत नाही. उंटावरून शेळ्या हाकायला त्याच्याइतकी चांगली जागा नाही.

शेळ्या इकडे असतात, बूढापाऱ्यात. तलावाच्या बाजूच्या त्या बारक्या रस्त्यावर फॉर्म भरून देणारी दुकानं आहेत, इथं त्यांना च्वाइस सेंटर म्हणतात. नवतप्यात त्या दुकानांपुढं स्कूटरी अशा लागतात की माणसाला आडवं होऊन आत जावं लागतं. आत एक कूलर, खसचा वास, दोन कॉम्प्युटर आणि वीस माणसं. पोरींच्या तोंडाला ओढण्या, बापांच्या डोक्याला गमछे आणि प्रत्येक आईच्या मांडीवर प्लास्टिकची फाइल. त्या फाइलीत लेकराचं सगळं आयुष्य लॅमिनेट करून ठेवलेलं असतं. आमच्या इकडच्या आयांची ही सवयच आहे. कागद महत्त्वाचा म्हटला की त्याला लॅमिनेशन. मार्कशीट, जातीचा दाखला, राशनकार्ड, एकीनं तर लेकीची पहिल्या इयत्तेतली चित्रंसुद्धा लॅमिनेट केलेली मी पाहिली आहेत. आणि स्क्रीनवर काही चांगलं दिसलं की आधी त्याचा फोटो काढायचा, मग फोटोची प्रिंट काढायची, आणि मग प्रिंटचं लॅमिनेशन.

असाच एक लॅमिनेट केलेला कागद गेलं वर्षभर माझ्या छातीवर बसलेला आहे. तो रामटेके काकूंच्या फाइलीत आहे.

रामटेके काका आणि माझे बाबा रेल्वेच्या वर्कशॉपात सोबत होते. क्वार्टरही लागून होते. काकूंनी दिलेली उकडलेली बोरं खात आणि त्यांच्या सुकेशनीला कडेवर घेऊन मी पाढे पाठ केलेले आहेत. ती माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. घरातलं मराठी तिला सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत देते, मला दीदी म्हणते. लहानपणापासून तिचं एकच, नर्स व्हायचं. वर्कशॉपात काकांच्या हातावर एकदा गरम पत्रा पडला होता, तेव्हा दवाखान्यातल्या ज्या सिस्टरनं पट्टी बांधली तिची चाल, तिचं पेन खिशाला लावणं, सगळं ही पोरगी घरी येऊन करून दाखवायची. बारावीला मार्क चांगले पडले. प्रवेश मार्कांवरच होता, फक्त फॉर्म भरायचा होता. आणि तो फॉर्म ज्या वेबसाइटवर भरायचा होता, तिचं काम आमच्या कंपनीकडं होतं. कोणत्या संस्थेचं, ते सांगत नाही. सांगून फायदाही नाही, सगळ्या एकाच माळेचे मणी आहेत.

मी फ्रंटएंडचं काम करते. बाबांना ते समजावताना माझी फार दमछाक झाली होती. शेवटी म्हटलं, बाबा, समजा रेल्वेचा डबा आहे. इंजिन, ब्रेक, चाकं दुसरे लोक बनवतात. मी दार बनवते, पायरी बनवते आणि चढताना धरायचा दांडा बनवते. म्हणजे माणसाला जे दिसतं आणि ज्याला त्याचा हात लागतो, ते सगळं माझं. बाबांनी विचार केला आणि म्हणाले, "मंग पायरी मजबूत पायजे. माणूस पडते तं तिथूनच पडते." मला तेव्हा हसू आलं होतं. आता येत नाही.

गेल्या वर्षी फॉर्म सुरू व्हायच्या आधी संस्थेच्या मोठ्या लोकांना आमची वेबसाइट दाखवायची होती. 'जमा करें' हे बटण दाबलं की अर्ज सर्वरकडं जातो, सर्वर तो नोंदवून घेतो आणि मग उत्तर देतो. तोवर स्क्रीनवर एक चक्र फिरत राहतं. त्या दिवशी ते जरा जास्त वेळ फिरलं. एक साहेब म्हणाले, "ये घूमता क्यों रहता है?" बस. दुसऱ्या दिवशी आमच्या सरांनी मला बोलावलं. म्हणाले, "अश्विनी, चक्र देखके पब्लिक डरती है. टिक पहले दिखा दो, डेटा पीछे से जाता रहेगा."

"सर, और नहीं गया तो?"

"अरे, चला ही जाता है."

मी मान डोलावली. नुसती मान डोलावून थांबले असते तरी एकवेळ चाललं असतं. मी ती टिक जीव लावून बनवली. तीन दिवस. आधी एक हिरवं वर्तुळ भरत जायचं, मग त्यात पांढरी टिक उमटायची, मग ती किंचित उडी मारायची. खाली सुंदर अक्षरात 'आपका आवेदन सफलतापूर्वक जमा हो गया है'. नोंदणीचा नंबर तिथं असायचा, तो मीच काढायला लावला. नंबरामुळं स्क्रीन भरलेली वाटत होती. नंबर काय, मागाहून ईमेलवर जाईल. पुढच्या वेळी साहेबांना दाखवलं तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि माझी मान ताठ झाली. बटण दाबल्याबरोबर टिक. सर्वर झोपलेला असो, मेलेला असो, टिक हजर.

आता लिहिताना माझे दात आपोआप दाबले जातात. खोटं बोलणारा माणूस निदान डोळे तरी चुकवतो. माझी टिक उडी मारून खोटं बोलत होती.

शेवटच्या दिवशी दुपारी बूढापाऱ्यातल्या सेंटरमधली लाइट गेली. पाचला फॉर्म बंद होणार होते. सुकेशनीनं आपल्या मोबाइलवरच फॉर्म भरला, उन्हात उभं राहून, कारण आत रेंज येत नव्हती. बटण दाबलं आणि लगेच मला फोन केला. "दीदी, हरा टिक आ गया!" मागं काकूंचा आवाज येत होता, "फोटो काढ, आधी फोटो काढ." मी म्हटलं, "बढ़िया, मुँह मीठा करो." फोन ठेवून मी शेजारच्या टेबलावरच्या मुलीला सांगितलं, बघ, आपली टिक लोकांना किती आवडते.

नंबराचा ईमेल आला नाही, पण टिक पाहिल्यावर त्याची वाट कोण बघतो? यादी लागली. नाव नव्हतं.

काकू त्याच दिवशी आमच्या घरी आल्या. डोक्यावर छत्री, काखेत फाइल, ब्लाउज घामानं भिजलेलं. पाण्याचा ग्लास तोंडाला न लावताच त्यांनी फाइलीतून कागद काढला. त्या फोटोची प्रिंट त्यांनी मोठी करून आणली होती आणि लॅमिनेट केली होती. कोपऱ्यात सुकेशनीचं बोट, मोबाइलच्या काचेवर पडलेलं ऊन, आणि मधोमध माझी टिक.

"अश्विनी, तू तं कम्प्युटरातलीच आहेस न. पाय बरं हे. लिहून आहे न इथं, सफलतापूर्वक जमा? मंग नाव काहून नाई आलं?"

मी म्हटलं, पाहते. ऑफिसात जाऊन नोंदी काढल्या. सुकेशनीनं फॉर्मचं पान उघडल्याची नोंद होती, भरून झाल्याची होती, पोहोचल्याची नव्हती. त्या दुपारी सर्वर तुंबला होता. न पोहोचलेली ती एकटीच नव्हती, नावं खालपर्यंत होती, आणि त्यातल्या प्रत्येकाला मी हिरवी टिक दाखवली होती. मी काकूंचा कागद घेऊन सरांकडं गेले. त्यांनी त्यावर नुसती नजर टाकली. "फोटो कोई प्रूफ है? इस पर नंबर कहाँ है?" मग म्हणाले, "यूज़र की गलती में डाल दो."

हे वाक्य मी या धंद्यात आल्यापासून ऐकते आहे. बटण सापडलं नाही, युजरची चूक. तारीख भरता आली नाही, युजरची चूक. फोटो मोठा म्हणून फॉर्मनं नाकारला आणि का नाकारला ते सांगितलं नाही, तरी युजरचीच चूक. आम्ही कधी चुकतच नाही. नाचता येईना, अंगण वाकडं, आणि इथं तर अंगणही आम्हीच सारवलेलं. तक्रारीला उत्तर देणाऱ्या बाबूसाठी जी स्क्रीन होती, तीही माझीच होती. तिथं कारणांची यादी होती, त्यातून एक निवडायचं: कागदपत्रं अपुरी, मुदत संपली, अभ्यर्थीची चूक. तीनच. चौथं कारण मी सुरुवातीला टाकलं होतं, 'प्रणालीची चूक'. सर म्हणाले होते, ये हटाओ, लोग इसी को पकड़ेंगे. मी हटवलं होतं. त्यामुळं बाबूची इच्छा असती तरी त्याला खरं उत्तर देता आलं नसतं. सुकेशनीनं संस्थेकडं तक्रार केली होती, तिच्यावर हिंदीत तीन शब्द आले: अभ्यर्थी की त्रुटि.

काकूंना मी एवढंच म्हटलं, "वरून उत्तर आलं, काकू. आता पुढच्या वर्षी भरू." त्यांनी कागद फाइलीत परत ठेवला, मार्कशीटच्या वर.

त्यानंतरचं वर्ष मी रागात काम केलं. चांगलं काम रागातही होतं, हे मला तेव्हा कळलं. एक जुना मोबाइल मिळवला, स्क्रीनगार्डला तडे गेलेला, आणि सुट्टीच्या दिवशी भर दोन वाजता बूढा तलावाच्या कठड्याशी उभी राहून आमची वेबसाइट उघडली. काही दिसेना. पांढऱ्यावर करड्या रंगाची नाजूक अक्षरं मीच निवडली होती, कारण माझ्या मोठ्या मॉनिटरवर ती फार सभ्य दिसत. मग सेंटरमध्ये जाऊन तासन् तास बसले. तिथला भैया प्रत्येक फॉर्म आधी एका साध्या पानावर टाइप करायचा आणि मग तिथून एकेक ओळ उचलून आमच्या चौकटीत चिकटवायचा. विचारलं, असं का? म्हणाला, "का करबो दीदी, तुंहर साइट सब खा जथे." लाइट गेली, नेट गेलं, दहा मिनिटं हात थांबला, की आमची वेबसाइट भरलेलं सगळं गिळून पहिल्या पानावर नेऊन बसवायची. हे त्याला माहीत होतं, दुकानातल्या सगळ्यांना माहीत होतं. लोकांनी आमच्या चुकांची सवय करून घेतली होती, आणि आम्ही मीटिंगमध्ये सांगत होतो की युजर आता सरावलेत.

मी एकेक करून सगळं उपसलं. भरलेली प्रत्येक ओळ त्याच क्षणी मोबाइलमध्ये राहील असं केलं. लाइट गेली तर जाऊ दे, परत उघडल्यावर तिथूनच पुढं. जन्मतारखेसाठी एकेक महिना मागं सरकत जाणारं कॅलेंडर होतं, ते काढून टाकलं, सरळ आकडे लिहा म्हटलं. फोटो मोठा असेल तर मोबाइलनं स्वतःच तो लहान करावा, माणसाला त्यासाठी दुकानात पाठवू नये. 'अमान्य प्रविष्टि' ह्या दगडासारख्या शब्दांच्या जागी काय चुकलं आणि काय करायचं ते साध्या हिंदीत लिहिलं. अक्षरं काळी केली, मोठी केली. घाबरून बटण तीनदा दाबलं तरी अर्ज एकदाच जाईल अशी सोय केली. आणि टिक. टिक आता सर्वरकडून नोंदणीचा नंबर हातात आल्याशिवाय उमटत नाही. तोवर चक्र फिरतं, आणि त्याखाली मी लिहिलं: 'अभी जमा नहीं हुआ है. रुकिए.'

सर म्हणाले, हे भीतीदायक आहे. मी म्हटलं, खरं आहे. त्या दिवशी माझा आवाज इतका चढला की शेजारच्या खोलीतली माणसं उठून आली. वाक्य राहिलं. चौथं कारण मात्र त्यांनी काही परत टाकू दिलं नाही. "और इसमें नया क्या है जो डेमो में दिखाएँ?" असंही विचारलं. बरोबरच होतं. जे अडलं नाही, हरवलं नाही, पुन्हा भरावं लागलं नाही, ते दाखवायचं कसं? टाळ्या उडी मारणाऱ्या टिकला मिळतात.

मला वाटत होतं, मी फेडलं. इतक्या लोकांची सोय केली म्हणजे एका पोरीचं वर्ष वळतं झालं. मनातल्या मनात असा हिशेब करणाऱ्या माणसाला काय म्हणावं? मी राग राग करत होते सरांचा, साहेबांचा, त्या बाबूचा. आणि रामटेक्यांच्या घरी जायचं टाळत होते. त्यांची गल्ली लागली की स्कूटी दुसऱ्या रस्त्यानं काढत होते.

तीन दिवसांपूर्वी, नवतप्याच्या दुसऱ्या दिवशी, काकू पुन्हा आल्या. तीच छत्री, तीच फाइल. सोबत सुकेशनी. पोरगी वाळली होती. काकूंनी पुन्हा तो कागद काढला, पदरानं पुसला.

"अश्विनी, हे औंदा चालते का? फॉर्म निंगाले म्हंतेत. मांगच्या सालचं जमा आहे म्हून दाखोलं तं?"

वर्षभर त्या बाईनं ती खोटी टिक जपून ठेवली होती. इतक्या मोठ्या लोकांचं कॉम्प्युटर खोटं थोडीच लिहील, असा त्यांचा भरवसा.

"आन् नाई चालत असन तं राहू दे," काकू म्हणाल्या. "सुकेशनीचे पापा तं फॉर्मच भरू नाई देऊन राहिले. म्हंतेत, एकदा मौका देला होता, पोट्टीनं आपल्या हातानं घालवला. साधं बटन दाबता नाई आलं, नर्स काय होईन. बल्लारशाचं एक स्थळ पाहून राहिले."

मी सुकेशनीकडं पाहिलं. ती कूलरकडं पाहत होती. "पापा गलत नहीं बोल रहे, दीदी," ती म्हणाली. "शायद मैंने ही कुछ गलत दबाया होगा. धूप में ठीक से दिख नहीं रहा था."

माझ्या आयुष्यात मला इतका राग कधी आला नव्हता. सरांचं 'यूज़र की गलती' मी शंभरदा ऐकलं होतं. युजरच्या तोंडून ते पहिल्यांदाच ऐकत होते. आम्ही तिचं नुसतं वर्ष खाल्लं नव्हतं, तिच्या हातावरचा तिचा विश्वास खाल्ला होता, आणि ज्या हातानं तिला उद्या कोणाला सुई टोचायची आहे तोच तो हात. आणि हे थांबवू शकणारी एकमेव बाई, म्हणजे मी, वर्षभर तोंडात मूग धरून बसले होते. भीती कसली तर नोकरीची, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त, काकूंच्या नजरेची.

"काकू," मी म्हटलं, "ती टिक मी बनवली होती."

त्यांना समजलं नाही. मी सगळं सांगितलं. चक्र, साहेब, तीन दिवस, काढलेला नंबर, तुंबलेला सर्वर. सोप्या शब्दांत सांगितलं, लपायला जागा राहू नये म्हणून. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

काकूंनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "म्हंजे माया पोरीनं बटन बरोबर दाबलं होतं?"

"हो. तिची काही म्हणजे काही चूक नव्हती."

"मंग सालभर काहून नाई सांगितलं?"

मला वाटलं त्या ओरडतील, निदान रडतील. रडल्या नाहीत. फाइल बंद केली, मांडीवर सरळ ठेवली. "लिहून दे," म्हणाल्या. "कागदावर. सही करून. मले त्या स्क्रीनवरचं आता काई नाई पायजे."

मी लिहिलं. आईनं माझ्या जुन्या वहीतलं पान फाडून दिलं. हिंदीत लिहिलं, म्हणजे काकांनाही वाचता येईल आणि संस्थेलाही. की अमुक दिवशी सुकेशनी रामटेके हिनं अर्ज मुदतीत आणि बरोबर भरला. की अर्ज न पोहोचताच स्क्रीननं पोहोचल्याचं सांगितलं. की ती स्क्रीन मी बनवली होती. की ही अभ्यर्थीची चूक नसून आमची चूक आहे. ज्या चौथ्या कारणासाठी मी वर्षभर भांडले, ते वहीच्या रेघांवर दोन मिनिटांत लिहून झालं. तीन प्रती केल्या. एक संस्थेला पाठवली, एक दुसऱ्या दिवशी सरांच्या टेबलावर ठेवली. ते वाचून म्हणाले, "इमोशनल मत हो, अश्विनी. वापस ले लो." मी घेतलेली नाही. पुढं काय ते अजून कळलेलं नाही.

तिसरी प्रत घेऊन संध्याकाळी काकांकडं गेले. ते ओसरीवर पाणी शिंपून बसले होते. त्यांनी चष्मा लावला, कागद वाचला, पुन्हा पहिल्यापासून वाचला. वर्कशॉपातली माणसं डबा पास करताना जशी प्रत्येक कडीवर हातोडी मारून बघतात, तसं एकेका शब्दावर थांबून.

"सही तुई आहे?"

"हो, काका."

"तुया बापाले माहीत आहे?"

"सांगितलं."

"काय म्हणला?"

"म्हणाले, पायरी कच्ची होती, आता निदान तसं सांग तरी."

काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मला बस म्हणाले नाहीत, पाणीही विचारलं नाही, आणि ते मला योग्यच वाटलं. मग आतल्या दाराकडं तोंड करून त्यांनी हाक मारली, "सुकेशनी, बाहेर ये." ती आली. त्यांनी कागद तिच्या हातात दिला आणि तिनं तो वाचेपर्यंत तिच्या तोंडाकडं पाहत राहिले. "मीच चुकलो," असं ते म्हणाले नाहीत. आमच्याकडचे बाप म्हणत नाहीत. "फार्म कवापर्यंत आहे?" एवढंच म्हणाले. बल्लारशाचा विषय कोणी काढला नाही.

काल आम्ही चौघं बूढापाऱ्यातल्या सेंटरमध्ये गेलो. दुपार होती, लाइट होती-नव्हती असं चाललं होतं. काका रेंज यावी म्हणून डोक्याला गमछा बांधून दारातच उभे राहिले, आणि लेकीलाही तिथंच उभं केलं. मी मोबाइल घ्यायला हात पुढं केला तर सुकेशनीनं तो मागं ओढला. "मैं खुद भरूँगी." भरला. मधे एकदा नेट गेलं, ती थबकली, माझ्याकडं पाहिलं. परत आलं तेव्हा सगळं जिथल्या तिथं होतं. ती पुढं भरत गेली. मग बटण दाबलं.

चक्र फिरायला लागलं. काकांनी खालचं वाक्य मोठ्यानं वाचलं, "अभी जमा नहीं हुआ है. रुकिए." आम्ही रुकलो. भैया रुकला, बाकावरच्या बायाही मान वाकवून पाहायला लागल्या. चक्र पुष्कळ फिरलं. कोणी घाबरलं नाही. मग नंबर आला, आणि नंबरामागून टिक. ही साधी आहे, जागच्या जागी राहते. "हव, हो गे," भैया म्हणाला. सुकेशनीनं पेन मागून नंबर तळहातावर लिहिला, मग वहीत, आणि मग फोटो काढला. यादी लागायला अजून वेळ आहे. नाव येईल की नाही ते मार्क ठरवतील, माझी टिक नाही.

काकूंनी तेवढ्यात फाइल उघडली आणि माझं पत्र काउंटरवर ठेवलं. "भैया, याचं लॅमिनेशन कर."

मशीन तापायला वेळ लागला. वहीचं पान प्लास्टिकमध्ये सरकलं, रोलरखालून गेलं आणि दुसऱ्या बाजूनं गरम होऊन बाहेर आलं. काकूंनी ते पदरानं वारा घालून गार केलं आणि फाइलीत सगळ्यात वर ठेवलं, मार्कशीटच्याही वर. मग खालून तो जुना कागद ओढून काढला, सुकेशनीचं बोट, मोबाइलवरचं ऊन आणि मधोमध हिरवी टिक, आणि माझ्यापुढं धरला.

"हे घे," काकू म्हणाल्या. "हे तुयं आहे."